दीड इंच अक्रोड

माझ्या टेबलावर लाकडाचा एक तुकडा असतो. तळहाताएवढा, दीड इंच जाड. कडा जुन्या तेलानं काळपट, गुळगुळीत झालेल्या, एक बाजू करवतीनं सरळ कापलेली. आल्यागेल्याला वाटतं, पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून ठेवलाय. "छान आहे हो, कुठून आणला?" मी म्हणते, असाच मिळाला. हे खोटं आहे. तो मला दिला होता, एका कामासाठी, आणि ते काम मी केलं नाही.

पत्रक कसं लिहायचं ते मला संघटनेनं शिकवलं. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी, आणि मध्ये वाचणाऱ्याला दम खायला जागा ठेवायची नाही. मला ते झटकन जमलं. राग माझ्याकडे होताच, फक्त छापखाना हवा होता. पण हे जे लिहितेय ते त्या शिस्तीत बसणार नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचंय, त्यांच्यावरचा पहिल्या ओळीतला आरोप मी आधीच करून बसले आहे.

सोलापुरात मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचे, ते गृहस्थ बंदुका दुरुस्त करायचे. खाली दुकान, मागे त्यांची खोली, वर मी. सत्तरी ओलांडलेली, पांढरी टोपी, एका डोळ्यावर दोऱ्यानं बांधलेलं जाड भिंग, आणि बोटं कायम काजळीनं काळी. बंदुकीचे दोन भाग एकमेकांत नीट बसतात का, हे बघायला ते एक भाग चिमणीच्या ज्योतीवर धरायचे, त्यावर काजळी चढली की दोन्ही भाग मिटायचे, पुन्हा उघडायचे. जिथं काळं उमटलं तिथंच कानस, तीही एकच हात. पुन्हा काजळी. असा सगळा दिवस. भिंतीवर काचेच्या चौकटीत सरकारी परवाना होता, त्याच्याखाली गेलेल्या बायकोचा फोटो. दोन्ही काचा ते रोज सकाळी एकाच फडक्यानं पुसायचे. गल्ली त्यांना चाचा म्हणायची, मीही चाचा म्हणायचे.

आमचं काम माळावरच्या काळविटांचं. शिकार करणाऱ्यांविरुद्ध निवेदनं, पत्रकं, धरणं. आणि मला खोली मिळाली ती बंदूकवाल्याची. संघटनेत आम्ही ज्यांना दादा म्हणायचो, त्यांनी पत्ता ऐकला आणि म्हणाले, "बरं झालं. वरून सगळं दिसेल." मी हसले. आज ते हसणं आठवलं तरी अंगावर झुरळ चढल्यासारखं होतं.

पहिल्या दिवशी मी पुस्तकांची पेटी घेऊन दारात उभी, तर चाचा म्हणाले, "बेटा, पेटी खाली ठेव. आधी हात सरळ कर."

मी हात सरळ केला. का केला, माहीत नाही. त्यांनी लांबूनच, मान तिरकी करून बघितलं.

"सव्वातेरा."

"काय सव्वातेरा?"

"तुझा दस्ता. बंदुकीचं लाकूड. खांद्यापासून बोटापर्यंत तुला सव्वातेरा इंच लागेल. आता असं कर, बोटांची कडी कर, हात पुढं, दोन्ही डोळे उघडे ठेव, आणि कडीतून माझं नाक बघ."

मी कडीतून नाक बघितलं. ते कडीतून माझा डोळा बघत होते.

"हाताची उजवी, डोळ्याची डावी," ते म्हणाले. "तुझा मालक डोळा डावा आहे. वाईट काही नाही त्यात. फक्त माहीत पाहिजे. ज्याला माहीत नसतं तो बघतो एकीकडं, बार जातो दुसरीकडं, आणि जन्मभर म्हणत राहतो की बंदूकच वाकडी आहे."

मी म्हटलं, "चाचा, मी बंदुकांच्या विरोधात आहे."

"असूदे की. माप तर माप आहे."

सगळ्या जगाची मापं त्यांच्याकडे होती. दूधवाला पंधराचा. समोरचा झेरॉक्सवाला चौदा, "पण मान आखूड, त्याला वाकवून द्यावा लागेल." पोस्टमन साडेचौदा. त्यातल्या एकानंही जन्मात बंदूक धरली नव्हती. नावं विसरायचे, मापं नाही. एकदा एक जण भेटायला आला तेव्हा मला हाक मारून म्हणाले, "बेटा, तो तुझा पावणेचौदा आलाय खाली." तो आमच्या संघटनेचा खजिनदार होता, आणि त्याला ते आवडलं नाही.

दुसरी सवय वाजवून बघण्याची. चहाचा कप हातात आला की आधी नख मारायचे. टण्ण वाजला तर पीत, बद्द वाजला तर परत. "तडा आहे. दिसत नाही, पण आहे." चहावाला वैतागायचा, "चाचा, चहा प्यायचाय की तबला वाजवायचाय?" तरी कप बदलून द्यायचा, आणि तो जुना कप आठवड्याभरात खरंच फुटायचा. कलिंगड, कुंडी, माझ्या खोलीतला माठ, मशिदीसमोरची पाण्याची टाकी, सगळं वाजवून झालं होतं.

हे त्यांना बंदुकीनं शिकवलं होतं. केम गावाकडच्या एका रिटायर मास्तरांची बंदूक आली होती, जुनी इंग्रजी दुनळी. दोन नळ्या शेजारी शेजारी. चाचांनी लाकूड वेगळं केलं, नळ्या तेवढ्या सुतळीनं खिळ्याला टांगल्या आणि मला वरून हाक मारली. "बेटा, ये. ऐकायला ये." बोटाचं पेर मारलं. मला वाटलं होतं, लोखंडाचा ठण्ण आवाज येईल. आला तो लांबच्या घंटेसारखा, आणि जाईचना. फडक्याची घडी करेपर्यंत तो दुकानात होता.

"दोन नळ्यांच्या मधली पट्टी आहे ना, ती कथलानं झाळून बसवलेली असते. कुठंही सुटली की आवाज मेला. ही बनवली त्याला शंभर वर्षं झाली असतील. बनवणारा गेला, वापरणारे तीन गेले. आवाज बघ."

मग त्यांनी ती जोडली आणि जिथं ती उघडते-मिटते तिथं एका बोटावर तोलून धरली. एवढी लांब वस्तू, ना पुढं झुकली ना मागं. "हे मशीनचं काम नाही. माणसानं घासून घासून आणलंय. आणि दोन चाप का? पुढचा दाबला की जवळचं, मागचा दाबला की लांबचं. एक नळी मोकळी, एक आवळलेली. ऐन वेळेला विचार करायला वेळ नसतो, म्हणून विचार आधीच करून ठेवलाय."

"किती किंमत याची?" मी विचारलं.

"काही नाही. वारस येतात, म्हणतात परवाना कोण सांभाळणार, जमा करून टाका. पोरांना पिस्तूल पाहिजे, कमरेला लावून फोटो काढायला. ही बाई कमरेला लावता येत नाही ना!" स्वतःच्याच बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसले. मग बंदूक उघडली, नळ्या खाली झुकल्या, आणि ती माझ्या डोळ्यांपुढं धरली. दोन गोल उजेड दिसले, आणि त्यात समोरचा झेरॉक्सवाला.

"बघ. उघडली की आरपार. रस्त्यावरच्या माणसालासुद्धा लांबून कळतं, आत काही नाही. तुमच्या मोर्चातल्या माणसांचं असं उघडून बघता येतं का?"

दुकानात कुणालाही बंदूक मिटलेली द्यायची-घ्यायची नाही, हा नियम. तो इतका अंगात भिनलेला की छत्रीसुद्धा उघडून द्यायचे.

एक नळी वर, एक खाली, अशाही बंदुका असतात. त्यांना ते 'उभ्या' म्हणायचे, आणि कुणी एखादी आणली तर दुरुस्त करून द्यायचे, पण जेवल्यावर हात धुवावेत तसे हात धुवायचे. "चांगल्या असतील. असतात. पण जोडीनं चालायचं सोडून एकमेकांच्या डोक्यावर बसल्यात."

मी बंदुकांच्या विरोधात होते आणि आजही आहे. हे लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी पाघळले. पण तो आवाज मला आवडला होता. मी दोन-तीनदा उगीच खाली जाऊन म्हटलं, "चाचा, आज काही टांगलंय का?" आणि हे मी बोलून बसले एका बैठकीत, गंमत म्हणून. दादा म्हणाले, "झालं! आमची बाई बंदूकवाल्याची झाली." सगळे हसले. पावणेचौदा सगळ्यात जास्त हसला.

त्या हसण्याचं उत्तर म्हणून मी जे केलं, ते आता सांगते.

निवडणूक लागली होती. दुकानात रोज बंदुका येऊ लागल्या. कापडात गुंडाळलेल्या, पोत्यात घातलेल्या, एक तर गोधडीत. चाचा वहीत लिहून घेत, पुसून, उघडून मागच्या खोलीत ठेवत. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका जमा कराव्या लागतात, ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या दुकानात, हे सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. वरून मला सगळं दिसत होतं ना.

आणि एका दुपारी मी जिना उतरत होते. दुकानाचं दार अर्धं लोटलेलं. चाचा पाठमोरे, पुढ्यात शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळलेली बंदूक, तिच्यावर फडकं, आणि करवतीचा आवाज. ते नेहमीसारखे बंदुकीशी बोलत होते. "दीड इंच गेला की बास. मग कुणाला कळणार पण नाही कुठं कापलं."

मी चौथ्या पायरीवर उभी होते. आणखी एक पायरी उतरले असते, तर काय कापतायत ते दिसलं असतं. 'चाचा' म्हटलं असतं, तर त्यांनी भिंग वर करून दाखवलं असतं. मी परत वर गेले आणि लिहायला बसले.

'निवडणुकीच्या तोंडावर बंदुकांचा साठा! नळ्या कापून बंदुका आखूड करण्याचा अड्डा! काळविटांचे आणि माणसांचेही मारेकरी कोण पोसतंय?' नाव घातलं नाही. आम्ही नावं घालत नसू, दादांचा नियम होता. गल्लीचं नाव घातलं. आणि त्या गल्लीचं नाव पुरेसं होतं. दोन दिवसांत ते पत्रक लोकांच्या मोबाइलवर फिरायला लागलं, तेव्हा त्याला माझ्या नसलेल्या ओळी चिकटल्या होत्या. कसल्या, ते सोलापुरात राहणाऱ्याला सांगायला नको. त्या ओळी मी लिहिल्या नव्हत्या, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण त्यांना बसायला जागा मीच करून दिली होती. गल्लीच्या तोंडाशी पोरं जमून ओरडून गेली. झेरॉक्सवाल्यानं शटर अर्धं ओढलं आणि तेव्हापासून समोर बघणं सोडलं. मग तपासणी आली. वही बघितली, साठ्याचा आरोप दहा मिनिटांत निकालात निघाला; सगळ्या बंदुकांची नोंद होती. पण एक बंदूक आखूड केलेली सापडली, तिची एकूण लांबी परवान्यावरच्या लांबीशी जुळेना. सगळ्या बंदुका उचलल्या, दाराला सील लावलं.

चाचा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. "उघडून ठेवा. आडव्या ठेवा. तोंडावर उभ्या करू नका, गंजतात." हवालदार म्हणाला, "चाचा, झोपवतो त्यांना, अंगाई पण म्हणतो. तुम्ही सरका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर आले. पहिल्यांदाच. हातात पत्रक होतं. मला वाटलं, आता.

"मॅडम," ते म्हणाले, "हे चित्र कुणी काढलं?"

मॅडम. दोन वर्षं मी बेटा होते.

"कुठलं चित्र, चाचा?"

"हे बंदुकीचं. ही उभी आहे. माझ्या दुकानात त्या दिवशी एकसुद्धा उभी नव्हती. मला अड्डेवाला म्हणाले, ठीक आहे, चौकशी होईल. पण चित्र तरी बघून काढायचं. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमच्या ओळखी असतील छापखान्यात, तेवढं सांगा त्यांना."

चित्र मी इंटरनेटवरून उचललं होतं. मी म्हटलं, "सांगते."

तीन-चार दिवसांनी दुपारी खाली कुणीतरी सीलबंद दार वाजवत होतं. माळशिरसच्या कोरड्या बाजूकडच्या एक बाई होत्या. बुटक्या, रापलेल्या, डोक्यावरून पदर, खांद्याला पिशवी. दोन एसट्या बदलून आल्या होत्या.

"चाचा कुटं गेलं?"

"नमाजाला गेलेत. येतील. काय काम होतं?"

"माझी बंदूक हाय की हितं. ठाण्यात नेली म्हनत्यात. मालक गेल्यावर परवाना माझ्या नावानं झाला. मक्यात डुकरं शिरत्यात, वर एक बार काढला की पळत्यात. पर लई लाथ मारायची ओ! खांदा काळानिळा. चाचा म्हनलं, माई, ती लाथ मारत न्हाय, ती तुमची न्हाय असं सांगतीया. तुमच्या मापाची करून देतो." मग पिशवीतून एक घडी पडलेला कागद काढला. "कुनीतरी ह्यो कागद छापलाय म्हनं, त्याच्यानं झालं समदं. वाचता येतं न्हवं तुमास्नी? काय लिवलंय बगा की."

मी माझं पत्रक त्यांना वाचून दाखवलं. पायरीवर बसून, उद्गारचिन्हांसकट. वाचून दाखवायची मला सवय आहे, सभांमध्ये मी ते चांगलं करते.

बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. "नळ्या कापल्या? कुनाच्या?"

"असं... लिहिलंय."

"ही माझीच बंदूक की! नळी कशाला कापंल त्यो? लाकूड कापलं ओ, लाकूड. खांद्याला लागतं ते. मागनं दीड इंच." त्यांनी खांद्यावर बोटानं दाखवलं. "लिवनाऱ्यानं इचारायचं तरी हुतं एकदा. तोंड न्हवतं का त्येला?"

मी म्हटलं, "पाणी आणते," आणि वर गेले. पाणी घेऊन खाली यायला मला फार वेळ लागला.

परवान्याच्या सुनावणीच्या आदल्या सकाळी चाचा पुन्हा वर आले. या वेळी हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत लाकडाच्या चकत्या, प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली उर्दूत लिहिलेली चिठ्ठी. "गिऱ्हाइकाचं लाकूड फेकायचं नाही, हे मला माझ्या उस्तादनं सांगितलं. आज आईसाठी आखूड केली, उद्या पोरगा लांब हाताचा निघाला, तर हाच तुकडा परत जोडायचा. रेषेला रेष मिळते, जोड दिसत पण नाही. बंदुका नेल्या, पण हा डबा कचरा म्हणून सोडला त्यांनी." त्यांनी एक चकती काढली. अक्रोड. रेषा पाण्यावरच्या लाटांसारख्या. "ही माईंची. ही त्या बंदुकीला लावून दाखवली की साहेबांना कळेल, काय कापलं ते."

"मग तुम्हीच दाखवा ना."

"माझ्या हातून दिली तर म्हणतील, कुठलंही जुनं लाकूड आत्ता कापून आणलं. तुम्ही त्या दिवशी जिन्यात होता. चौथी पायरी वाजते. तुम्ही म्हणालात की कापताना बघितलं, की झालं." मग डबा मिटून, "मॅडम, तुमचं लोक ऐकतात."

त्यांना माहीत होतं. सगळं. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "उद्या अकराला आहे," म्हणाले, आणि एकेक पायरी उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी अकराला मी तिथं होते. कचेरीबाहेर, लिंबाखाली, चहाच्या गाड्यावर. तुकडा पिशवीत, पिशवी मांडीवर. दादांना मी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. त्यांचा फोन आला.

"कुठं आहेस?"

"कचेरीबाहेर."

"आत गेलीस?"

"नाही अजून."

"मग जाऊ नकोस. नीट ऐक. एकदा चुकलो म्हटलं, की आपली मागची सगळी पत्रकं मेली. उद्या खऱ्या शिकाऱ्याचा वकील हेच कागद कोर्टात फडकवेल. एका म्हाताऱ्याच्या दुकानापायी सगळी काळविटं घालवायची का? वय झालंय त्यांचं, तसंही किती दिवस करणार होते?"

मला ते पटलं. इथं मी कुणावर ढकलणार नाही. दादांनी मला अडवलं नव्हतं, नुसतं एक कारण दिलं होतं, आणि मला कारणच हवं होतं. चहा घेतला. मग आणखी एक घेतला. तो संपला तेव्हा समोरून रिक्षा आली, आणि मी तिच्यात बसले.

निकालाची प्रत दाराच्या सीलशेजारी चिकटवली होती. मी ती जिना चढण्याआधी वाचली. बंदुकीच्या मालकिणीचं म्हणणं तिच्या स्वतःच्या हिताचं असल्यानं ग्राह्य धरता येत नाही. साक्षीदार हजर नाही. आणि मग ती ओळ: 'कापलेला भाग सादर करण्यात आला नाही.' परवाना रद्द.

कापलेला भाग माझ्या खांद्याला लटकत होता.

अकलूजहून त्यांची मुलगी टेम्पो घेऊन आली. चिमणी, कानशी, शेगडा, फोटो. परवान्याची चौकट रिकामी करून तीही घेतली. मी खिडकीतून बघत होते. खाली गेले नाही. चौथी पायरी वाजते.

संघटना मी सोडली, पण त्याला फार उशीर झाला होता आणि त्यात शौर्य काही नाही. दुरुस्तीचं पत्रक काढू या, असं मी बैठकीत म्हटलं होतं. पावणेचौदा म्हणाला, "दुरुस्त्या कोण वाचतं?" तुकडा घेऊन एकदा त्या कचेरीतही गेले. कारकुनानं तो उलटासुलटा केला. "हे काय, पाटाचा पाय?" प्रकरण बंद झालं होतं, अपिलाची मुदत संपली होती. मी हट्टानं अर्ज दिला, आवक शिक्का मारून घेतला. तो कागद अजून आहे. त्यानं काही होत नाही.

गेल्या महिन्यात अकलूजला गेले.

घर रस्त्याला लागून, उसाच्या ट्रॉल्या दारावरून जातात. चाचा ओट्यावर बसून प्रेशर कुकर दुरुस्त करत होते. झाकण चिमणीवर धरायचं, काजळी चढवायची, कुकरवर बसवायचं, उघडायचं, काळं कुठं उमटलं ते बघायचं. त्यांची मुलगी आतूनच म्हणाली, "बघा ना ताई, अब्बा लोकांचे कुकर काळे करून परत देतात. बायका भांडायला येतात."

"वाफ जाते का पण एकाची तरी?" चाचा म्हणाले. मग भिंग वर करून माझ्याकडं बघितलं. "या. सव्वातेरा."

मी पाठ करून आले होते. पत्रक मी लिहिलं. चित्र मीच लावलं. सुनावणीला मी आले नाही. तुकडा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो उचलला, कापलेल्या बाजूवर अंगठा फिरवला, वास घेतला.

"माईंची बंदूक सुटली," ते म्हणाले. "वर्षानं. मी गेलो होतो तिकडं बघायला. नळ्या टांगून वाजवल्या." आवाज कसा आला, ते त्यांनी सांगितलं नाही. तुकड्यावर सवयीनं नख मारलं. लाकडाला काय आवाज असणार.

"चाचा, मी त्या दिवशी आले असते तर..."

"तुम्ही आला होता की."

मी वर बघितलं.

"लिंबाखाली. पिशवी मांडीवर धरून. मी वर व्हरांड्यात बाकावर होतो, तिथनं गाडा समोरच दिसतो. माई म्हणाल्या, हाक मारू का त्यास्नी? मी म्हटलं, नको. हाक मारून आणलेला साक्षीदार आत माझ्याकडं बघत बघत बोलतो. साहेबांना कळतं ते." तुकडा त्यांनी परत माझ्याकडं सरकवला. "आणि मला वाटलं, चहा संपला की याल."

मुलगी दोन कप चहा ठेवून गेली. चाचांनी एकावर नख मारलं, मग दुसऱ्यावर. एक टण्ण वाजला, एक बद्द. मला वाटलं, आता आत हाक मारतील, कप बदलून मागतील. त्यांनी बद्द वाजलेला कप स्वतःपुढं ओढला, आणि दुसरा माझ्यापुढं ठेवला.

"घ्या," म्हणाले.